तिसऱ्या चित्रातली अक्षरं

अण्णा,

परवा रेल्वेचं तिकीट काढायला बसले, तर संगणकाने माझ्यापुढे नऊ चौकोन ठेवले. कशाकशात बसगाडी दिसते ते दाखवा म्हणे, म्हणजे तुम्ही माणूसच आहात अशी खात्री पटेल. आठ चौकोनांचं काही नव्हतं. नवव्यात बसचा नुसता बाजूचा आरसा आला होता, बोटभर. तो धरायचा की सोडायचा? मी तिथेच अडकले. दोनदा बोट पुढे नेलं, दोनदा मागे घेतलं. लेक शेजारी बसली होती, ती म्हणाली, "अगो आई, एवढी घाबरतेस काय, चुकलं तर परत दुसरं चित्र येतं." चुकलं तर परत येतं हे मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण तिला काय सांगणार. तिकीट तिनेच काढलं. मी आत जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धूत बसले, आणि शेवटी ठरवलं की तुम्हालाच सांगून टाकावं.

राम आळीतला आपल्या टायपिंग क्लासचा तो वरचा मजला अजून डोळ्यांपुढे आहे. खाली कापडाचं दुकान, बाजूने लाकडी जिना, आणि वर ओळीने चौदा टाइपरायटर. प्रत्येक मशीनला तुम्ही स्वतः खाकी फडकं शिवलं होतंत. ते वर दोन बटणांनी अडकवायचं आणि हात त्याच्या खाली घालायचे, म्हणजे अक्षरं दिसायचीच नाहीत. बाकीच्या क्लासांत असलं काही नव्हतं, त्यामुळे मुलं तुम्हाला मागून बुरखेवाले मास्तर म्हणायची, आणि ते तुम्हाला माहीत होतं. सातवीत असताना मी एकदा फडकं वर करून बघितलं. तुम्ही खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, पाठमोरे, कुणाची तरी रिबन बदलत होतात. वळलासुद्धा नाहीत. म्हणालात, "डोळे मीट, आणि परत पहिल्या ओळीपासून मार." मी रडवेली होऊन विचारलं, तुम्हाला कसं कळलं? "बघून मारणाऱ्याचं बोट अडखळतं. ऐकू येतं ते." चौदा मशीनं एकदम खडखडत होती, अण्णा, आणि त्यात तुम्हाला एका पोरीचं बोट अडखळलेलं ऐकू आलं. त्याच दिवशी मी शहाणी व्हायला हवी होते.

दादाचं आणि तुमचं बिनसलं तेही याच खोलीत. अठ्ठ्याण्णव साल असेल. दादा मुंबईहून संगणक नवीन नवीन शिकून आला होता आणि त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. भर क्लासात, पोरं बसलेली असताना तो म्हणाला, "अण्णा, ही भंगारं काढा आता. पाच वर्षांत कुत्रंसुद्धा विचारणार नाही या मशीनांना." तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं. हातातला रूळ टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "ज्याला माझी मशीनं भंगार वाटतात, त्याने या जिन्यावर परत पाय ठेवू नये." पोरांची बोटं फडक्याखाली थांबली. दादा उतरला तो सरळ आखातात बोटीवर नोकरीला गेला. पाच वर्षंही लागली नाहीत. सात मशीनं मीच हलवली, त्या जागी संगणक आणले, आणि तुम्ही एका शब्दाने अडवलं नाहीत. तोवर तुमचे डोळेही काचबिंदूने नेले होते. क्लासात हसत म्हणायचात, "आयुष्यभर लोकांना न बघता मारायला शिकवलं, आता माझीच परीक्षा लागली." पोरं हसायची. मला हसू यायचं नाही.

दादा फोन करत नसे, हे तुम्हाला माहीत होतं. मला मेल करायचा, दोनतीन महिन्यांनी एकदा, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. दर गुरुवारी क्लास बंद असे, तेव्हा दुपारी तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचात आणि विचारायचात, "आलंय का काही?" मग मी वाचायचे. बोटीवर कसं ऊन आहे, केरळी स्वयंपाकी माशाच्या आमटीत काय काय घालतो, बंदरावर रत्नागिरीचाच कोण भेटला. आणि शेवटी, अण्णांना नमस्कार, डोळ्यांची काळजी घ्यायला सांग. अण्णा, दादाचं पत्र दोन ओळींचं असायचं. मी बरा आहे, तू कशी आहेस. बस. एकदा तिसरी ओळ होती, माझा नंबर त्यांना देऊ नकोस म्हणून. बाकीचं सगळं मी रचायचे. स्वयंपाकी मी रचला. नमस्कार मीच घातला. तुमचा चेहरा त्या नमस्कारापाशी असा काही सैल व्हायचा की एकदा घातल्यावर पुढच्या वेळी गाळायची माझी छाती झाली नाही. मग पत्र आलं नसलं तरी मी वाचायला लागले.

आणि मग तुमचा तो जुना विद्यार्थी आला, पुण्यात अंध मुलांना संगणक शिकवणारा. त्याने आपल्या एका संगणकावर बोलणारा प्रोग्रॅम घातला. दाबलेलं प्रत्येक बटण तो बोलून दाखवायचा, पडद्यावरचा मजकूर वाचायचा. आठ दिवसांत तुम्ही त्यावर माझ्यापेक्षा वेगात मारायला लागलात. मराठी तो गोऱ्या साहेबासारखी बोलायचा, तुम्ही त्याला चिडवायचात, "मेल्या, जरा सावकाश." मला आनंद व्हायला हवा होता. अशाच एका संध्याकाळी आपण भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो, सुरूच्या झाडांखाली बसलो, आणि तुम्ही म्हणालात, "मला माझी वेगळी मेलची पेटी काढून दे. दादाला दोन ओळी लिहायच्यात."

मी म्हटलं, मला सांगा की, मी लिहिते.

"तुझ्याकडून नको. तू बरोबर होतास, एवढंच लिहायचंय. पण त्याला बोललो मी, तर लिहायलाही मीच पाहिजे. आणि त्याचं उत्तर आलं की तुला त्रास नको. हा साहेब वाचील."

तुमच्या दोन ओळी दादाला गेल्या असत्या तर एक तर उत्तर आलंच नसतं, नाहीतर आलं असतं आणि त्यात नमस्कार नसता. साहेबाने आहे तेवढंच वाचलं असतं. दोन ओळी. आणि मग तुम्ही मला विचारलं असतंत, तो स्वयंपाकी कुठे गेला? मी चार दिवस काहीबाही सांगून टाळलं. आज लाईन नाही, आज क्लासला नवीन बॅच आहे. पाचव्या दिवशी गुरुवार होता. तुम्ही जेवून, धुतलेला सदरा घालून, माझ्या आधी जिना चढून वर बसलात.

तेव्हा चार वाजता भारनियमनात वीज जायची. आपण सव्वातीनला सुरुवात केली. नाव, गाव, जन्मतारीख, सगळं तुम्हीच मारताय. साहेब एकेक रकाना बोलतोय, तुम्ही भरताय, एकदाही मागे येत नाही. मी शेजारी स्टुलावर बसले आहे आणि माझं लक्ष घड्याळाकडे. साडेतीन. पावणेचार. अगदी शेवटाला साहेब म्हणाला, "ग्राफिक." तुम्ही बटण पुढे मागे केलंत. पुन्हा, "ग्राफिक."

"हा काय ग्राफिक ग्राफिक करतोय गो?"

मी सांगितलं. चित्र आहे, त्यात वेडीवाकडी अक्षरं काढली आहेत, वरून रेघोट्या मारल्या आहेत. ती ओळखून लिहायची. आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना ती वाचता येत नाहीत. माणसाला येतात. म्हणून हे विचारतात.

"म्हणजे जो बघू शकत नाही तो माणूस नाही." रागाने नाही म्हणालात, एखादा नियम समजून घ्यावा तसं म्हणालात. मग बोटं नेमक्या जागी ठेवलीत, "तू सांग, मी मारतो."

पहिल्या वेळी मी खरं सांगितलं, अण्णा. देवाशपथ. दोन अक्षरं एकमेकांवर चढली होती, मला एन वाटला तो एच असावा. फॉर्म परत आला, नवीन चित्र घेऊन. आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे हे चुकू शकतं. चुकलं तर कुणाचा दोष नाही, चित्राचा आहे.

दुसऱ्या वेळी मी एक अक्षर बदललं. एकच. माझा आवाज मला परका वाटला. तुम्ही मारलंत, साहेबाने प्रत्येक अक्षर बोलून दाखवलं, आणि फॉर्म परत आला. चार वाजायला सहा मिनिटं होती. तुम्ही म्हणालात, "घाई करू नको. नीट बघ." तुमच्या कपाळावर घाम होता. मी तुम्हाला कधी परीक्षेला बसलेलं पाहिलं नव्हतं. तिसरं चित्र आलं. मी बघितलं, आणि न थांबता सहा अक्षरं सांगून टाकली. तुम्ही मारलीत, पण सावकाश, एकेक करून, आणि शेवटचं मारल्यावर बोट तसंच धरून ठेवलंत. फॉर्म परत आला.

"आणखी एकदा करूया का?" मी विचारलं, कारण विचारायला हवं होतं.

"राहू दे," तुम्ही म्हणालात. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, यूपीएस टीं टीं करायला लागला. मी संगणक बंद केला. खालच्या दुकानातलं बोलणं वर ऐकू यायला लागलं. तुम्ही उठला नाहीत. खिडकीकडे तोंड करून म्हणालात, "दादाची पत्रं हल्ली बरीच मोठी असतात, नाही?"

मी हो म्हटलं.

"एवढं मोठं पत्र, आणि खाली जायला तुला एकदाही बटण दाबावं लागत नाही."

तुम्ही काठी चाचपलीत, उभे राहिलात, आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तोही अंदाजाने, आधी खांद्याला लागला. "तूच वाचत जा," म्हणालात. "बरं वाचतेस."

पुढच्या गुरुवारी तुम्ही विचारलंत, आलंय का काही? मी वाचलं. या वेळी मधे मधे बटण दाबत गेले. तुम्ही ते ऐकत होतात. नमस्कार आला तेव्हा तुम्ही नेहमीसारखी मान हलवलीत. आपण दोघांनी ते असं पुढचा पावसाळा उलटेपर्यंत चालवलं, आणि एकदाही कुणी काही बोललं नाही. मेलच्या पेटीचं नाव तुम्ही परत काढलं नाहीत. गणपती गेले आणि त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात.

दादा दहाव्याला पोचला. क्लासात एकटाच वर जाऊन बसला, फडकी चाचपत. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "डोळे गेले होते, बोटं नव्हती ना गेली? सात वर्षांत चार शब्द नाही मारले माझ्यासाठी." मग तो रडायला लागला. तिशी उलटलेला माणूस, त्या बाकावर, लहान पोरासारखा. मी म्हटलं, "त्यांना मेल काढायची होती रे. पण ते चित्र येतं ना, अक्षरांचं, ते त्यांना दिसेना." त्याने मान हलवली. त्याला पटलं. का नाही पटणार, खोटं कुठे होतं त्यात? मग विचारलंन, "तू नाही वाचून दाखवलंस?" मी म्हटलं, दाखवलं, पण फार वेडंवाकडं होतं, मलाही लागेना.

पुढे त्या चित्रांशेजारी ऐकून लिहायची सोय आली. आकडे बोलून दाखवतात, ते मारायचे. तुम्ही ते एका दमात मारले असते, माझ्याशिवाय. ती सोय पहिल्यांदा बघितली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हे सगळं मी संगणकावर मारलं आहे, तुमचं एक खाकी फडकं हातांवर टाकून. मधे दोनदा उचलून बघितलं. तुमचा पत्ता कुठला घालणार, म्हणून वर दादाचा घातला आहे. त्याला दोन वाक्यं कळायला हवीत. तू बरोबर होतास, असं अण्णांना तुला लिहायचं होतं. आणि तिसऱ्या चित्रातली अक्षरं स्वच्छ होती, रेघोटीसुद्धा धड नव्हती त्यांच्यावर. आता एक बटण दाबलं की जाईल. मी माणूस आहे का म्हणून कुणी विचारणारसुद्धा नाही. पण दादा हल्ली दर रविवारी फोन करतो, अण्णा, तासभर बोलतो, स्वतःहून. उद्यापासून तो आला नाही तर मला सोसणार नाही. म्हणून मी दादाचा पत्ता आत्ताच खोडून टाकला.