नऊ नंबरला लावलेलं वळण

३ नोव्हेंबर
आमचा संशोधक योस्ट म्हणतो, औषधाने मेंदूतलं सेरोटोनिन वाढवलं की उंदीर पिठाची वाटी सोडतो, साखरेची मात्र सोडत नाही. चौतीस वर्षांचं पोरगं. अजून आई डबा भरून देते, आणि हा आम्हाला भूक शिकवतो. मी म्हटलं, वळण लावलं तर साखरही सोडेल. आम्हा मुलींना शाळेत नन्सनी लावलंच की. हसला. म्हणाला, दोन आठवड्यांत एका उंदराने जरी सोडली, तर तुमचं म्हणणं माझ्या संशोधनाच्या पेपरात घालणार, तुमच्या नावानिशी. नायमेखनच्या या लॅबमध्ये एकतीस वर्षं वाट्यांची वजनं करतेय. नाव एकदाही छापून आलं नाही.

५ नोव्हेंबर
नऊ नंबरची उंदरीण निवडली. डोळे थेट सिस्टर बेनेडिक्टांचे. रोज तिच्याशी शांतपणे बोलायचं. बाकी काही नाही.

६ नोव्हेंबर, सकाळी १०.३०
कॉफी. प्रत्येकी एक दालचिनीचं बिस्किट, मग डब्याला झाकण. योस्टने दोन घेतली. म्हणे मेंदूचे तज्ज्ञ. मी एकच. तुटलेली तेवढी वेचली. तुकडे मोजायचे नसतात, हे आमच्या हॉलंडात शेंबड्या पोरालाही कळतं.

९ नोव्हेंबर
नऊ नंबर साखर हुंगून पुढे गेली. शाबासकी म्हणून बिस्किटाचा एक तुकडा दिला. तुकडाच.

१२ नोव्हेंबर
साखर जशीच्या तशी. माझी चाहूल लागली की जाळीशी येऊन उभी राहते. माया कळते जनावराला. पिंजरे साफ करणारा हार्म म्हणाला, "बाई, काय जादू केलीत हिच्यावर?" वळण, म्हटलं. शाबासक्या रोज चारवर गेल्यात. तुटलेली पुरत नाहीत, म्हणून दोन-तीन मीच तोडते.

१६ नोव्हेंबर
पेपरासाठी माझा परिच्छेद तयार. योस्टचं तोंड बघण्यासारखं होणार.

१७ नोव्हेंबर
योस्टने सगळ्या उंदरांची वजनं केली. बाकीचे पाच-सहा ग्रॅमनी वाढलेत. नऊ नंबर एकेचाळीसने. मग त्याने तिच्या पिंजऱ्यातला भुसा चाळला. दालचिनीचा वास खोलीभर. तुकडे होते, मी म्हटलं. तो रागावलासुद्धा नाही. म्हणाला, "बाई, तुकड्यातही पीठ असतं. साखरही असते."
पेपरात एक ओळ येईल: कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे एक प्राणी वगळला. नाव नाही.

१८ नोव्हेंबर
नऊ नंबर आता हार्मकडे. मला भेटायची परवानगी आहे, रिकाम्या हातांनी. गेले. धावत आली. पाचही बोटं हुंगली, एकेक करून. मग पाठ फिरवली आणि साखरेच्या वाटीत तोंड घातलं.