मनकर्णा नावाचं जहाज

महाल, नागपूर
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय जया,

तुझं पत्र काल दुपारी आलं. सागरी विम्याच्या वरच्या प्रशिक्षणाला, मुंबईला पंधरा दिवस, अख्ख्या नागपूर विभागातून तुझं एकटीचं नाव गेलं आणि तू म्हणे सोमवारी जाऊन नकार देणार. काहून वं? कारणही तूच लिहिलंस, की शालिकरामकाका, तिथं तुमच्यासारखी डोक्याची माणसं लागतात, मी गेले तर त्या धोंडबासारखं माझं हसू होईल. एवढं एक वाक्य मी तीनदा वाचलं. चहा निवून गेला.

लहानपणी आमच्याकडे राहायला आलीस की धोंडबाची गोष्ट सांगितल्याशिवाय तू झोपत नव्हतीस. अडुसष्ट साल. सीताबर्डीवर एका लॉजच्या माडीवर आमचा सहा दिवसांचा वर्ग भरला होता. सतरा एजंट, आणि एकानंही समुद्र पाहिलेला नाही. खाली टांगेवाल्यांची भांडणं चालायची आणि वर मुंबईचे साहेब फळ्यावर लाटा काढायचे. ते म्हणाले, सागरी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. कळमेश्वरच्या बागेतून संत्र्याची पेटी निघाली, ट्रकनं बंदरावर गेली, जहाजात चढली, कोलंबोच्या गोदामात उतरली, तो सगळा रस्ता एकाच विम्यात बसतो. मी पुड्यांचे कागद वाचून इंग्रजी शिकलेला माणूस, मला तर वाटलं आपल्या नागपूरलाही आता समुद्र लागला. तो आनंद अजून आठवतो.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी फॉर्म भरायला दिले. धोंडबानं ओळखीच्या एका संत्रेवाल्याचा भरला आणि जहाजाच्या नावापाशी त्याचं पेन अडलं. जहाज तर ठरलेलंच नव्हतं. पण रकाना मोकळा सोडला की फॉर्म परत येतो, हे आम्हा एजंट लोकांच्या अंगात मुरलेलं. मग त्यानं संत्री नेणाऱ्या ट्रकच्या कपाळावर रंगवलेलं नाव लिहून टाकलं, मनकर्णा. ट्रकमालकाच्या आईचं ते. साहेबांनी जगातल्या जहाजांचं जाडजूड पुस्तक काढून बराच वेळ पानं उलटली. मनकर्णा काही सापडेना. जहाज जुनं असलं की हप्ता वाढतो, म्हणून त्यांनी वय विचारलं. धोंडबा उभा राहून म्हणाला, तीन वर्षं झाले जी, टायर मागच्याच महिन्यात बदलले.

इथं तू पोट धरून हसायचीस. वर्गही तसाच हसला होता. मागून कोणी तरी म्हणालं, काहून गा, भोंगा कसा वाजते तुह्या जहाजाचा?

जया, धोंडबा नावाचा कोणी नव्हता. तो मी होतो.

चहाची सुटी झाली तसा मी जिना उतरलो, तो परत चढलोच नाही. उरलेले दिवस डबा घेऊन वेळेवर घरून निघायचो, महाराजबागेत झाडाखाली गवतात बसायचो आणि संध्याकाळी तुझ्या काकूला वर्गातल्या गोष्टी रचून सांगायचो. प्रमाणपत्र पोस्टानं येईल म्हणालो. पुढं कोणी विचारलं नाही. आमच्या गल्लीतले वामनराव त्याच वर्गात होते, ते शेवटपर्यंत बसले. हिंगण्यात कारखाने वाढले, परदेशातून जहाजानं यंत्रं यायला लागली. तसलं गिऱ्हाईक माझ्या दारी आलं की मी त्याला वामनरावांचं घर दाखवायचो. तुम्ही घरचे म्हणायचे, काकांचं मन किती मोठं. अठरा वर्षं मी ते ऐकून घेतलं. बोलता बोलता वामनरावांनीच एकदा सांगितलं, जहाज ठरलं नसेल तर त्या रकान्यात नंतर कळवू एवढं लिहिलं तरी भागतं.

तुझं पत्र वाचून काल तुझ्या काकूला सगळं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, मले माहीत होतं, वर्गात बसून कोणाच्या पायजम्याले कुसळं लागते का जी?

तू माझ्या हुशारीला भिऊन घरी बसू नयेस, म्हणून हे लिहिलं. जिला तू भितेस ती मीच रचलेली आहे. माझा पोरीसारखा जीव तुझ्यावर, आणि माझ्याच गोष्टीनं तुझे पाय बांधले जावेत हे मला सोसणार नाही. सोमवारी साहेबांना हो म्हण. मुंबईत तूही काही चुकशील, चुकायलाच तर जायचं. कोणी हसलं तर हसू दे. सुटीत सगळ्यांबरोबर चहा घे, आणि घंटा झाली की परत आत जाऊन आपल्या जागेवर बस.

तुझाच,
शालिकरामकाका