आईचा अंबाडा

१२ जानेवारी, सोमवार
स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं नक्की झालं. तिथल्या बंदरावरचं आमचं ऑफिस, तीन वर्षं. साहेबांना म्हटलं, विचार करून सांगते. "विचार कसला? लोक टपून बसलेत!" बसू देत.
आईला सांगितलं. "समुद्र आहे ना तिथे? मग जा की." आणि मटार सोलत बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार
तसं सगळं जमेल. स्वयंपाकाला बाई आहे. औषधांचं सावंतकाकू बघतील, समोरच्याच दारात आहेत. राहतो तो अंबाडा. पडल्यापासून आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून रोज सकाळी मीच घालते. कोमट तेल, विंचरणं, पीळ, आकडे. वर अबोलीचा गजरा, फुलवाला पुडी दाराच्या कडीला अडकवून जातो. बहात्तराव्या वर्षी केस कमरेखाली!
ऑफिसात सगळ्यांना सांगते, आईमुळे अवघड आहे. सांगितलं की बरं वाटतं. एक्केचाळीस वर्षांत मुलुंड सोडून कुठे राहिले नाही, हे मात्र कोणाला सांगत नाही.

२५ जानेवारी, रविवार
आज सावंतकाकूंची अंबाड्याची रंगीत तालीम. "वयनी, मान सरळ धरा बघया. केस आसत की सुंब!" अंबाडा झकास बसला. आईने कौतुक केलं, चहा पाजला. काकू गेल्यावर डाव्या हाताने एकेक आकडा काढून टेबलावर ठेवला.
"दुखलं का?"
"नाही गं. परका हात."
मी परत घातला. जाणं टळलं म्हणून हायसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. तिथल्या घरांचे फोटो रोज बघते. गॅलरीतून समुद्र दिसतो.

१ फेब्रुवारी, रविवार
बोलू नये ते बोलले. "आई, मानेपर्यंत कमी करूया का?"
म्हणाली, "पार्ल्याला आजीसाठी न्हावी मागच्या दाराने यायचा. आम्हा पोरांना आत कोंडायचे. आजी बाहेर आली की डोक्यावरून लाल लुगडं. मी विचारायचे, आजी, तुझे केस कुठे गेले?"
ठाऊक होतं मला. बाबा गेले तेव्हा आत्या म्हणाली, वहिनी, आता गजरा नको. आईने दुसऱ्याच दिवशी नाक्यावर जाऊन स्वतः आणला. तेव्हापासून खंड नाही. कोणत्या तोंडाने बोलले मी.
ठरलं. नाही जात.

८ फेब्रुवारी, रविवार
आईला सांगितलं, नाही जात. म्हणाली, "नसेल जायचं तर नको जाऊस. माझ्या केसांवर ढकलू नकोस."
झोंबलं. अंबाडा घातला, पण न बोलता.
साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
घरी आले तर गॅलरीत कोणीतरी पाठमोरं बसलेलं. पांढरे, आखूड केस. क्षणभर वाटलं, पाहुणी आलीये.
आई होती.
मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेणी. मी किंचाळलेच. "कोणी सांगितलं होतं तुला?"
"ओरडू नकोस. आजीला धरून बसवायचे. मी रिक्षा करून गेले, माझी मी. पार्लरमधल्या पोरीने दोनदा विचारलं, आजी, नक्की ना?"
मग हळूच, "कसं दिसतं गं?"
मी जाऊन मिठी मारली. मान एवढीशी, गार. एवढी लहान कधी झाली ती?

१५ फेब्रुवारी, रविवार
सवयीने तेल कोमट केलं. आई सवयीने पुढ्यात येऊन बसली. बोटं फिरवली न फिरवली तोच संपलं. दोघी तशाच बसून राहिलो. वाटीत तेल तसंच.
कडीला पुडी होतीच. फुलवाल्याला कोण सांगणार? आईने सोडली, हात सवयीने मानेमागे नेला. उजवाच. अर्ध्यावर अडला. मग गजरा माझ्या ओंजळीत ठेवला. मी कधीच माळत नाही, तिला माहीत आहे.
"बंद करायला सांगू का त्याला?"
"नको. तू असेपर्यंत येऊ दे."
उद्या साहेबांना उत्तर द्यायचंय. सांगायला कारण उरलेलं नाही. गजरा फ्रिजमध्ये ठेवलाय.