जळका लसूण

निघोजे, रविवार संध्याकाळ

आज अंबाडीची भाजी केली. दर रविवारी मी ती शिजवून, घोटून ताटात वाढते आणि हे वरून लसणाची फोडणी ओततात. लग्नापासूनची रीत. पळीत लसूण तडतडत असतो, पण हे त्याकडे बघत नाहीत. म्हणतात, गॅस कधी बंद करायचा ते वासावर कळतं.

मी गॅलरीत कपडे काढत होते. जळका वास आला म्हणून आत धावले, तर लसूण पार काळा झालेला आणि हे पळी धरून शांत उभे. म्हणाले, "थांब जरा, अजून वास सुटला नाही."

मी ताटात भाजी वाढून पुढे केली.

अकरा वर्षं कंपनीच्या पेंट शॉपमध्ये स्प्रेने रंग मारतात. उकडतं म्हणून मास्क गळ्यात. किती भांडले मी त्यावरून. दिवाळीपासून नाक बंद आहे, तर म्हणे सर्दी. आणि मीही मूर्खासारखी रोज वाफारा देत बसले.

ती फोडणी त्यांनी ओतली. पहिला घास घेतला आणि थांबले. कडू लागलं असणार, जीभ तर शाबूत आहे. मग बोटाने एकेक काळी पाकळी ताटाच्या कडेला सारत, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला आला होता का गं वास?"

मी म्हणाले, "नाही. मी बाहेर होते ना."

बाहेरच तर आला होता.