एमचं माप

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा सैल! शर्टाचं दुसरं सॅम्पल आलं आणि तेही पोत्यासारखं. ढमीला स्टुलावर उभं केलं, हात बाजूला धरायला लावले, तर पाठीवरचं मूठभर कापड माझ्या हातात. सगळं ऑफिस बघत होतं. साहेब केबिनच्या दारातून म्हणाले, हीच का बाई तुमची सर्टिफाइड फॅक्टरी? कान तापले माझे. कारण ही फॅक्टरी मीच शोधलेली. परदेशातली. कामगारांचे तास, रंगांची तपासणी, आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे — सगळ्याची प्रमाणपत्रं. जुन्या पुरवठादाराला सोडा, इकडून माल मागवू या, म्हणून मीच साहेबांचं डोकं खाल्लं होतं. आता तोंडघशी पडायची पाळी.

ढमी म्हणजे माझी लेक. कॉलेज सुटलं की इकडे येते. ती आमची 'एम'. एम साइजचा प्रत्येक नमुना आधी तिच्या अंगावर चढतो. तिला नीट बसला की त्याच्यावरूनच एल, एक्सएल, सगळे साइज काढायचे. सीझन सुरू झाला की आधी नमुने घालणाऱ्या मुलीचं माप घ्यायचं, मगच सॅम्पल घालायचं, असा नियम आहे. मीच केलेला. यंदा टेप काढली तर ही म्हणाली, मीच आहे ना आई, मागचीच मापं लिही. लिहिली. घाई होती.

९ जानेवारी

फॅक्टरीला झणझणीत मेल. छातीत कमी करा, कमरेत कमी करा, खांद्यात कमी करा. शेवटी एक वाक्य पदरचं — प्रमाणपत्रं भिंतीवर टांगायला घेतली आहेत का? साहेबांना प्रत पाठवली. ते खूश.

१४ जानेवारी

आज व्हिडिओ कॉल. तिकडचा पॅटर्न मास्टर समोर बसला होता. चष्मा कपाळावर, शेजारी त्याचा मॅनेजर. मास्टरने टेबलावर आमचाच शर्ट पसरला, त्यावर टेप लावली आणि एकेक माप मोठ्याने वाचलं. सगळी आम्ही पहिल्यांदा दिली तीच. सुताचाही फरक नाही. मी म्हटलं, टेप जुनी असेल, ताणली गेली असेल. मॅनेजरने त्याच्याकडे असं काही पाहिलं!

मास्टरने हळूच विचारलं, मुलीला एकदा मोजून बघता का? मी म्हटलं, आमची मुलगी आहे तशीच आहे, बिघडलंय ते तुमचं काम. त्याने मान खाली घातली आणि लिहून घेतलं. कॉल संपल्यावर मला जिंकल्यासारखं वाटलं. चहा मागवला.

घरी हे म्हणत होते, पोरीचं तोंड उतरलंय हल्ली. म्हटलं, परीक्षा जवळ आली आहे, दुसरं काय.

२७ जानेवारी

तिसरं सॅम्पल. चपखल! कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. ढमीला आरशासमोर फिरवलं. "अशीच राहा," म्हटलं. कशी खुलली! साहेबांनी सही केली, कटिंग सुरू करा म्हणून कळवून टाकलं.

दुपारी तिकडच्या मॅनेजरचं उत्तर आलं. आमच्या तक्रारीची गंभीर दखल घेतली आहे, मास्टरला पॅटर्नच्या टेबलावरून हलवून पॅकिंगला बसवलं आहे. साहेबांनी मला वाचून दाखवलं. दरारा आहे हं बाई तुमचा, म्हणाले. मी हसले.

५ फेब्रुवारी

आज लिहवत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायलाच हवं.

काल पँटची लांबी बघत होते. ती स्टुलावर, मी खाली गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या. एकदम ती माझ्या अंगावरच कोसळली. हात गार, ओठ पांढरे. वारा लागावा म्हणून शर्टाची बटणं काढली. आत जाड बनियन. त्याच्या आत आणखी एक. त्याच्याही आत आणखी एक! आणि सगळ्यांच्या आत माझी पोर — नुसती हाडं. सगळं ऑफिस भोवती उभं. कोणीतरी पुरुषांना बाहेर काढलं. रिसेप्शनवालीने आपली ओढणी काढून तिच्यावर टाकली. ते मला सुचलं नाही.

मला काय सुचलं? कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते. पोरीचं डोकं मांडीवर होतं आणि मनात पहिलं आलं ते हे — पहिला शर्ट बरोबर होता.

अंगात आई म्हणून काही आहे की नाही माझ्या?

८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरबाईंनी विचारलं, नीट जेवत नाही हे कधीपासून? हे म्हणाले, अभ्यासाला बसते म्हणून ताट खोलीत न्यायची. ताट रिकामंच बाहेर यायचं. कुठे रिकामं व्हायचं कोण जाणे. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही? ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग विचारलं, आई काय करतात? मी म्हटलं, कपड्यांचं काम. कपड्यांचं म्हणजे? म्हणजे... मापं बघते. त्यांचं पेन थांबलं. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शर्टाच्या शिवणीत सुताएवढी चूक असली तरी लांबून सांगते मी. सगळ्या ऑफिसात नजरेचा केवढा तोरा माझा!

लेकीशी गप्पा सुरू करायच्या म्हणून डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी हिला काय म्हणता? ढमी म्हणताना जीभ अडखळली. लहानपणी गुटगुटीत होती, म्हणून मीच पाडलेलं नाव. लाडाचं होतं ते. तिच्या कानाला रोज काय ऐकू येत होतं, देव जाणे. आता पुन्हा ते नाव तोंडात आणायचं नाही. इथेही नाही.

१७ फेब्रुवारी

लेक घरीच आहे. ठरवून दिलेलं, थोडं थोडं खाते. ह्यांनी रजा घेतली आहे. मी तिच्या खोलीत गेले की ती पांघरूण गळ्यापर्यंत ओढते.

आज धीर करून विचारलं, का गं? तिने रिसेप्शनवालीचं काढलं. हिच्याआधी ती आमची एम होती. बाळंतपणानंतर तिला नमुने बसेनात, म्हणून मी तिला बदललं आणि लेकीला आणलं. आणि त्या दिवशी घरी जेवताना तिची नक्कल केली होती — बटण कसं तुटलं, कसं टेबलाखाली गेलं, ती पोट आत घेऊन कशी वाकली. हे पोट धरून हसले होते. लेकही हसली होती. मी तर रंगातच आले होते.

"माझंही तसंच केलं असतंस," म्हणाली.

मी म्हटलं, अगं, तुला बदललं असतं तर काय आकाश कोसळणार होतं का? शिकतेस, हुशार आहेस, या कामावाचून तुझं काय अडलंय?

"मग तू माझ्याकडे कधी बघितलं असतंस?"

उठले, स्वयंपाकघरात गेले, नळ सोडून उभी राहिले. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. एवढी अक्कल बरोबर सुचते मला.

२० फेब्रुवारी

ऑफिसात रिसेप्शनवालीने थांबवून विचारलं, कशी आहे पोर? बरी आहे म्हटलं आणि जिन्याकडे वळले. तिला तोंड दाखवायची लाज वाटते.

३ मार्च, सोमवार

आज साहेबांना सगळं सांगितलं. मागची मापं लिहिली, तेही सांगितलं. एम चुकला म्हणजे त्यावरून काढलेले सगळेच साइज चुकले, प्रत्येक शर्ट एका साइजने लहान आहे. उपाय एकच — लेबलं बदला. एमला एस म्हणा, एलला एम म्हणा. आणि मास्टरची काही चूक नव्हती, हे फॅक्टरीला लेखी कळवा.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. लेकीची चौकशी केली, अगदी मनापासून. हवी तेवढी रजा घ्या म्हणाले. मग म्हणाले, लेबलं शिवून झाली. आता उसवत बसायचं? आणि कळणार कोणाला? "शर्ट बसला नाही तर बायका शर्टाला नावं ठेवत नाहीत, बाई. स्वतःला ठेवतात. आणि एक साइज मोठा घेतात." शिवाय चूक कबूल केली की फॅक्टरी नुकसान आपल्यावर टाकणार आणि मग ती चूक कोणाची, हेही कागदावर येणार. तुमच्यासाठीच सांगतोय, म्हणाले.

बरं, म्हटलं मी.

आणि खरं सांगू? केबिनमधून बाहेर आले तेव्हा हायसं वाटलं. मी सांगायचं ते सांगितलं, त्यांनी ठरवायचं ते ठरवलं! सुटले! — असं वाटलं. सगळ्यात जास्त लाज त्या हायसं वाटण्याची आहे.

४ मार्च

साहेबांना न विचारता फॅक्टरीला लिहिलं, मास्टरबद्दल तक्रार नाही, त्यांना परत टेबलावर घ्यावं. लगेच उत्तर आलं. प्रमाणपत्राच्या नियमाने तक्रार मागे घेण्याचं कारण लेखी लागतं, ते कळवावं.

कारण! मेल बंद केला. उद्या बघू.

११ मार्च

अजून कळवलेलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज ऐकायला काय गोड वाटलं! शेवटचा घास कोणी खायचा, यावरून लेक आणि हे भांडले. खरंखुरं भांडण, चमच्यांची ओढाओढ. मी ताटाकडे बघायचं नाही, अशी डॉक्टरबाईंची सक्त ताकीद आहे, म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते. डोळे भरून आले होते, तेही लपले.

हल्ली संध्याकाळी तिच्याजवळ नुसती बसते. टेप नाही, टाचण्या नाहीत. परवा तिने मैत्रिणीच्या फजितीची गोष्ट सांगितली आणि दोघी हसलो. माझ्या हसण्यावर आता माझाच पहारा असतो.

माल गोदामात आला आहे. मला बोलावलं होतं. डोकं दुखतंय सांगून गेले नाही.

१८ मे

शर्ट दुकानांत लागले. खप छान. एमपेक्षा एल जास्त जातोय, एक्सएल तर संपलासुद्धा. साहेब माझ्याकडे बघून भुवया उडवतात — बघा, म्हटलं नव्हतं?

स्टाफच्या सवलतीत रिसेप्शनवालीने एक शर्ट घेतला. आरशासमोर धरून हसत म्हणाली, "एक्सएल लागला, मॅडम! बाळंतपणाचं अंग काही उतरत नाही माझं." सगळ्या बायका हसल्या. मीही तिथेच होते. एल तिला अगदी नीट बसला असता — खरा एल. सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, रंग खुलतोय तुला.

ओढणी टाकली होती तिने माझ्या पोरीवर!

मास्टर अजून पॅकिंगलाच असेल. विचारायचं धाडस नाही.

१५ जून, रविवार

लेकीचे गाल भरलेत. चेहऱ्यावर तेज आलंय. सकाळी मीच म्हटलं, मैत्रिणीबरोबर जा, काहीतरी नवीन घेऊन ये. दुकानात आमचाच शर्ट लागलेला. हौसेने एम घेऊन आत गेली, आरशासमोर. बटणं लागली नाहीत, मैत्रिणीने फोन करून सांगितलं. घरी आली ती सरळ खोलीत, दार लावून. जेवायला नको म्हणाली.

दारापाशी उभी राहून सांगितलं. शर्टाचं माप चुकलंय, राणी, तुझं नाही. मला माहीत आहे.

दार उघडलं.

"कधीपासून?"