माझ्या सहीचे सात कोरे कागद

मी, दगा सुकलाल बैसाणे, वय वर्षे सदुसष्ट, पूर्वी लूम कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, हल्ली घरीच, राहणार खोली नंबर १, प्रज्ञा चाळ, गोडादरा, सुरत, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही तो फक्त डावा गुडघा, आणि त्याचा मालमत्तेशी काही संबंध नाही. मला कोणी भुलवलेले नाही की काही पाजलेले नाही. घाई मात्र आहे, तिचे कारण पुढे येईल. माझ्या नावाला सुरतेत लोक हसतात. माझ्या आधीची दोन भावंडे दगावली, म्हणून आईने मला दगड म्हटले आणि गावाने त्याचा दगा केला. दगा मी कुणाला दिलेला नाही. मूर्खपणा केला, तो कलम तीनमध्ये लिहिला आहे.

कलम १. खोली नंबर १ या माझ्या घराचे दोन भाग आहेत. पुढची खोली, जिथे १९७९ पासून प्रज्ञा सार्वजनिक वाचनालय चालते, ती पुस्तके, कपाटे, बाके आणि गळक्या माठासह वाचनालय मित्रमंडळाला द्यावी. मंडळ म्हणजे पाळी संपवून येणारी, एक पैसा न घेणारी अकरा माणसे. कोणी फाटकी पुस्तके शिवते, कोणी सायकलवरून घरोघर पुस्तके पोचवते, कोणी दृष्टी गेलेल्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवते. यांच्याशिवाय ही खोली म्हणजे रद्दीचे गोदाम.

मागची खोली आणि पोस्टातल्या बचतीचे पुस्तक मुलगी विशाखा हिला. मुलगा प्रदीप भेस्तानला फ्लॅटमध्ये राहतो. तो मला म्हणाला, "बाबा, वाचनालयात आता कोण येतं? वेची नाखो ने." विकून टाका म्हणे. त्याला घर ठेवत नाही.

कलम २. पुस्तके बांधण्याचा शिकंजा, दाभणे आणि मेणाचा दोरा मंडळाला. खळ ताजी करावी, शिळ्या खळीला झुरळे लागतात हे मी अठरा वर्षे ओरडून सांगतो आहे. लूमचे पाने आणि हातोडी प्रदीपला. तो नेणार नाही, तरी त्याच्या नावाने लिहितो. त्याच्यावर माझा राग आहे आणि जीवही आहे.

कलम ३. आता मूर्खपणा.

आमच्या चाळीत एक्केचाळीस खोल्या. बहुतेक माणसे धुळे-जळगावकडची, लूमवर राबणारी, पगाराच्या पत्रकावर अंगठा उठवणारी. १९९० साली मंडळाने ठरवले की पुढच्या चौदा एप्रिलपर्यंत चाळीत अंगठा उरता कामा नये. शिकवायला मी होतो. वाचायला शिकवायचे तर दोन वर्षे लागली असती आणि मला घाई होती. म्हणून मी म्हणालो, आधी सही, मग वाचन.

पाटीवरची सही कागदावर बिघडते, म्हणून मी प्रत्येकाला फुलस्केपचा कोरा कागद देई. सही नेहमी खाली, उजव्या कोपऱ्यात करायची, हे मीच बजावून सांगितले. "वर काय लिहायचं, सर?" असे केशरबाईंनी विचारले होते. मी म्हणालो, "ते पुढच्या वर्षी." नमुन्यासाठी मी स्वतः सात कागदांवर तशीच सही केली. चौदा एप्रिलला सगळे कागद वाचनालयात दोरीवर टांगले. लोक आपापल्या सहीखाली उभे राहून रडले. मीही रडलो. मग कागद ट्रंकेत ठेवले, आणि पुढचे वर्ष काही उगवले नाही.

१९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने चाळ रिकामी झाली. मीही कलाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला घेऊन गावी पळालो. ती आता नाही. जाताना वाचनालयाच्या आणि ट्रंकेच्या किल्ल्या मंडळाचा तेव्हाचा सेक्रेटरी योगराज याच्या हातात मीच दिल्या. तो मागे राहिला म्हणून परतल्यावर आम्ही त्याला हार घातला. पुस्तके जागेवर होती. ट्रंक जड लागली, म्हणून कुणी उघडली नाही.

पुढे रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला. योगराजने मंडळ सोडले आणि जमिनी घेणाऱ्या एका शेठकडे नोकरी धरली. गेल्या आषाढात खोली नंबर १९ च्या ताराबाईंना घर रिकामे करण्याची नोटीस आली. सोबत खोली विकल्याचा कागद होता. त्या तो माझ्याकडे घेऊन आल्या.

"सही तर मनीच शे, आबा," त्या म्हणाल्या. "पन हाऊ कागद मी कधीच देखा नही."

सही खरीच त्यांची होती. 'ता'चा काना आडवा जातो, तो मीच सहा महिने सरळ करत होतो. वर टाइप केलेला मजकूर गुजरातीत होता. मी ट्रंक उघडली. आत रद्दी भरलेली होती, सह्यांचा एकही कागद नव्हता. वकिलाने ताराबाईंना विचारले, सही तुमची का? त्यांना खोटे बोलता येत नाही, त्या हो म्हणाल्या. त्या आता चलथाणला भावाकडे आहेत. तेव्हापासून आणखी चार खोल्यांचे कागद निघाले. पाचही सह्या मी ओळखतो.

कलम ४. योगराज दर रविवारी संध्याकाळी येतो. पाया पडतो, बाकावर बसतो, माझ्या तब्येतीची चौकशी करतो. बीपीच्या गोळ्या कोणत्या, किती वाजता, घरात सोबत कोण असते. मागच्या रविवारी मी त्याला सरळ सांगितले, "या खोलीवर माझी सही तुला जन्मात मिळणार नाही."

तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "सहीचा त्रास तुम्हाला कशाला, आबा? तुमची सही आहे आमच्याकडे. तुम्ही फक्त तब्येतीला जपा."

त्या दिवसापासून मला भीती वाटते. गोळ्यांची बाटली मी विशाखाकडे दिली आहे. माणूस जिवंत असला तर कोर्टात उभा राहून नाही म्हणू शकतो. मेल्यावर त्याच्या वतीने त्याची सहीच बोलते, आणि माझी सात ठिकाणी बोलायला तयार बसली आहे.

कलम ५. म्हणून जाहीर करतो की खोली नंबर १ बाबत माझ्या सहीचे खरेदीखत, संमतीपत्र, बक्षीसपत्र किंवा दुसरे मृत्युपत्र पुढेमागे निघाले, मग त्यावर तारीख कोणतीही असो, आणि सही तपासणाऱ्याने ती खरी ठरवली तरी, ते माझे समजू नये. सही माझीच असेल. मजकूर माझा नसेल. घराबाबत मी यापुढे कुठेही सही करणार नाही. या कागदावरही केलेली नाही. एक्केचाळीस घरांच्या अंगठ्याची शाई पुसायला निघालेला मी, शेवटी डावा अंगठा उठवत आहे. याची मला लाज वाटते. ती इथे लिहून ठेवतो, कारण तीही माझीच आहे.

कलम ६. मंडळाला सूचना. मागच्या श्रावणापासून आपण दर रविवारी वाचनाचा वर्ग घेतो, तो माझ्या तेराव्याची वाट न बघता त्याच आठवड्यात भरवावा. तेरावे आपण करतही नाही. जोवर माणूस पानभर मजकूर आपला आपण वाचत नाही, तोवर त्याला सही शिकवू नये. गुजरातीही शिकवावी, कारण नोटिसा त्याच भाषेत येतात. उरलेल्या पस्तीस खोल्यांत घरोघर जाऊन हा कागद वाचून दाखवावा. लोक मला शिव्या देतील. देऊ द्याव्यात, मध्ये पडू नये.

या कागदाचे साक्षीदार केशरबाई आणि मंडळातला बळीराम यांना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला ठेवलेले त्याला मिळत नाही असे वकील म्हणतात, आणि मला त्यांची साक्ष जास्त गरजेची आहे. केशरबाईंना मी म्हटले, तुम्हीही अंगठाच करा, तुमचाही कागद बाहेर आहे. त्या म्हणाल्या, "मी सहीच करसू. पन आधी वाचसू." सकाळी नऊला बसल्या, आता साडेअकरा होत आले. मी हे शेवटचे पान लिहितो आहे आणि त्या आधीची पाने बोट ठेवून वाचत आहेत. कलम चारपाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आज रविवार आहे. योगराज संध्याकाळी येईल. त्याच्या आत हा कागद विशाखाने गोडादऱ्याबाहेर न्यावा.

ठिकाण : गोडादरा, सुरत
तारीख : ९ मार्च १९९७

लिहून देणार : दगा सुकलाल बैसाणे
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
१. बळीराम भटू अहिरे, खोली नंबर ७, मित्रमंडळ (सही)
२. केशरबाई पोपट शिरसाठ, खोली नंबर २२ (सही), सहीच्या वर त्यांच्याच अक्षरात :

हाऊ कागद मी पुरा वाचा. वर कोरी जागा नही.