तक्रार क्रमांक एक्केचाळीस

पामर्स्टन नॉर्थ,
रविवार, १९ जून २०१६

तीर्थस्वरूप सुधाकरकाकांस,

गंधारचा साष्टांग नमस्कार. (हल्ली पाठ धरली आहे म्हणून तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण हिशेबात पूर्ण धरावा.) शकुकाकूलाही नमस्कार. तुम्हा दोघांच्या तब्येती ठीक असतील अशी आशा करतो. आशा अशासाठी म्हणतो की तुमच्या ईमेलांत खेळातल्या वीराच्या तब्येतीबद्दल सगळे असते, तुमच्याबद्दल चकार शब्द नसतो. आम्ही तिघे बरे आहोत. इथे जून म्हणजे हिवाळा, त्यामुळे कडाक्याची थंडी आणि तसाच वारा आहे. निवेदिताचे हॉस्पिटलातले काम चालू आहे. दिवसभर व्यायामासाठी लोकांचे हात आणि बोटे वळवून देऊन ती घरी येते आणि मग भाकरी मी थापतो. सलोनी पोहायला जाते. तिला मराठीत काहीही विचारले तरी उत्तर इंग्रजीत येते, पण तुमचे नाव काढले की ‘आबा’ असे स्वच्छ म्हणते.

तक्रार ईमेलने आणि खुशाली पत्राने, हा तुमचा नियम मला पाठ आहे. प्रस्तुत मजकूर दोन्हींच्या मधला असल्यामुळे तो कागदावर, हाताने लिहितो आहे. माझे अक्षर मी सातवीत असतानाच तुम्ही नापास केलेले आहे, तेव्हा त्याबद्दल नवीन तक्रार नोंदवू नये.

काकूला पत्र मोठ्याने वाचून दाखवायची तुमची पद्धत आहे, म्हणून तिच्यासाठी मागचे थोडे सांगतो. काकू, काकांच्या काळ्या पडद्यावर जी अक्षरे आणि ठिपके हलतात आणि ज्याला तू ‘यांची एबीसीडी’ म्हणतेस, तो एक खेळ आहे. एक वीर भुयारात उतरतो. छोटा डी म्हणजे कुत्रा, मोठा डी म्हणजे अग्नी ओकणारा ड्रॅगन. (चित्रे का नाहीत असे विचारू नकोस, हा त्या लोकांच्या श्रद्धेचा विषय आहे.) एक कळ दाबली की एक पाऊल, दुसरी दाबली की बाटलीतले औषध पिणे, आणि एकदा मेला की मेला, मागे जाणे नाही, पुन्हा पहिल्या पायरीपासून. १९९२ साली सांगलीच्या पाटबंधारे कचेरीत पहिला संगणक आला, तेव्हा काका मला शनिवारी दुपारी तिथे न्यायचे आणि आम्ही दोघे मिळून मरायचो. हा खेळ कोणाच्या मालकीचा नाही. जगभरातले रिकामटेकडे लोक तो फुकट दुरुस्त करत असतात, आणि गेली सहा वर्षे कळा आणि आज्ञांचे खाते माझ्याकडे आहे. राक्षसांचे खाते या देशातल्याच मनुरेवाच्या सुशीलकडे आहे. तो चांगला मुलगा आहे, पण प्रत्येक तक्रारीला ‘माझ्याकडे चालतंय, स्वीट ॲज’ (म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम झकास’) एवढेच उत्तर देतो.

आता मूळ विषय. चोवीस वर्षांत प्रथमच तुमचा वीर भुयाराच्या विसाव्या मजल्याखाली पोचला आणि नेमका तेव्हापासून तो एकदा सांगितलेले दोनदा करू लागला. तुमच्या तक्रारी माझ्याकडे क्रमवार लावलेल्या आहेत. अडतिसावीत तुम्ही लिहिता: ‘एक बाटली पिण्याची आज्ञा दिली असता वीराने लागोपाठ दोन प्यायल्या. दुसरीत विष होते. असे व्यसनी वर्तन यापूर्वी आढळलेले नाही.’ हे वाचून मी आज्ञा सुधारली. पिण्याआधी ‘खरेच प्यायची का’ असा प्रश्न टाकला, त्याला वाय दाबून हो म्हणायचे. एकोणचाळिसाव्या तक्रारीवरून कळले की तुम्ही हो म्हणालात, वाय दोनदा गेला, आणि दुसरा वाय म्हणजे तिरके पाऊल असल्यामुळे वीर होकाराच्या भरात खड्ड्यात पडला. चाळिसावी मी उद्धृत करत नाही, त्यात माझ्या शिक्षणाचा उल्लेख आहे. एक्केचाळिसावीत तुम्ही निर्वाणीचे लिहिलेत, की गुरुपौर्णिमेपर्यंत कारण सापडले नाही तर खेळ कायमचा बंद. काका, ते वाचून मला जेवण गेले नाही. आपण फोनवर ‘बरे आहे’ आणि ‘पाऊस कसा आहे’ यापलीकडे कधी बोललोच नाही. जे काही बोललो ते या भुयारातून बोललो. ते बंद झाले की मग काय उरले, सांगा.

म्हणून मी हात धुऊन मागे लागलो. तीन आठवडे. आधी स्वतःवर संशय घेतला आणि फेब्रुवारीत केलेला सगळा बदल ओळ न् ओळ उसवून पाहिला. (त्यात भलत्याच चार चुका सापडल्या. त्यांतली एक अशी, की घोड्यावर बसून जेवायला घेतले की वीर घोडाच खायचा. हे कोणी कळवले नव्हते, यावरून लोक घोड्यांशी कसे वागतात ते दिसते.) मग सुशीलवर संशय घेतला. त्याला राग आला आणि त्याने पुढच्या आवृत्तीत राक्षसांना माझे नाव दिले. मग सलोनीला शनिवारी टॉग्ज, म्हणजे पोहायचा पोशाख, घालून पोहायला निघालेली असताना अडवून बसवले आणि एल ही पावलाची एकच कळ हजार वेळा दाबायला लावली. तिच्याकडे एकदाही जोडपाऊल पडले नाही. तिची तक्रार मात्र आली, तोंडी आणि इंग्रजीत. मग मी तुम्हाला कीबोर्ड दंतब्रशने साफ करायला लावला, मग नवा आणायला लावला, आणि नव्यावरही तेच. त्या वेळी तुम्ही ‘कीबोर्डाला दोष देणारा इंजिनिअर मी खात्यात ठेवला नसता’ असे लिहिलेत. ते लागले, पण बरोबर होते.

शेवटी तुमच्याकडून खेळाची नोंदवही मागवली, ज्यात प्रत्येक कळ कोणत्या क्षणी दाबली गेली ते लिहिलेले असते. तिचे चाळीस कागद छापून जेवणाच्या टेबलावर मांडले आणि लाल पेन घेऊन बसलो. दोन गोष्टी दिसल्या आणि दोन्हींनी डोके फिरले. एक म्हणजे जोडकळा फक्त कीबोर्डाच्या उजव्या अर्ध्यात, डावीकडे एकही नाही. दुसरे म्हणजे राक्षस अंगावर आला की एकही चूक नाही, आणि सगळे शांत असताना, तुम्ही विचार करत थांबलेले असताना, हीप्स, म्हणजे ढिगाने. जगात कुठला प्रोग्रॅम धोक्यात नीट चालतो आणि निवांत वेळी बिघडतो? मी सुशीलला विचारले. तो म्हणाला, सरकारी असेल.

तुमचे वाक्य मी विसरलेलो नाही. धरणाच्या दारातून पाणी झिरपत होते, कंत्राटदार भेगा बुजवायची लांबी लिंपायला आला होता, आणि तुम्ही माझ्यादेखत त्याला हाकललेत. ‘गळती कुठून आहे ते कळल्याशिवाय लांबी लावायची नाही. वरून कोरडे दिसते आणि आत भिंत जाते.’ मी बारा वर्षांचा होतो. पुढे जे काही शिकलो ते यावरच बेतलेले आहे. म्हणून लांबी माझ्याकडे पहिल्या दिवसापासून तयार असूनही (तीच कळ निमिषात परत आली तर दुसरी टाकून द्यायची, बारा ओळींचे काम) मी ती लावली नाही, कारण शोधत बसलो. कारण आता कळले आहे. तक्रार क्रमांक एक्केचाळीस खरी होती, तुमचे निरीक्षण अचूक होते, आणि खेळात दोष नव्हता. सविस्तर पुन्हा कधीतरी.

काकूच्या हातच्या मेतकुटाची आठवण येते. इथून भारतीय दुकानांचे सँडरिंगहॅम सहा तासांवर, आणि तिथे जे मिळते त्याला मेतकूट म्हणणे म्हणजे धाडस आहे. थोरांना नमस्कार, आणि आपल्या बोळातल्या मांजरांना, तुम्ही नाही म्हणालात तरी, आशीर्वाद.

तुमचा,
गंधार

ता. क. इथून पुढचे मोठ्याने वाचू नका.

काका, ते चाळीस कागद निवेदिताने पाहिले. ती सलोनीचे टॉग्ज वाळत घालायला चालली होती, ओले कपडे हातात घेऊनच उभी राहिली. म्हणाली, ‘हे कोणाचं आहे?’ मी म्हणालो, काकांच्या खेळाचं. ती म्हणाली, ‘कीबोर्ड बदलला, प्रोग्रॅम बदलला. बदलला नाही तो उजवा हात.’ मग तिने विचारले की काकांच्या तक्रारी पूर्वी हाताने लिहिलेल्या, स्कॅन केलेल्या यायच्या ना, त्या टाइप केलेल्या कधीपासून येतात? मी फाइल काढली. दिवाळीपासून. ज्या माणसाने अक्षर वाईट म्हणून पुतण्याचा निबंध फाडला, तो सात महिने एक ओळ हाताने लिहीत नाही, आणि मी तीन आठवडे घोडे तपासत बसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. निवेदिताने कुठल्या आजाराचे नाव घेतले नाही आणि मीही विचारले नाही. एवढेच म्हणाली, की लवकर दाखवले तर पुष्कळ करता येते. तेव्हा मिरजेला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना हात दाखवून या. ते झाल्याशिवाय माझ्या बारा ओळी मिळणार नाहीत. नियम तुमचाच आहे.

ता. क. २. काकूला मी यातले काही विचारलेले नाही.

ता. क. ३. विचारले आहे. तुम्ही दिवाळीपासून कप अर्धाच भरून मागता आणि ‘चहा कमी केलाय’ म्हणता, हे तिला केव्हाच कळलेले आहे. तुम्ही सांगाल म्हणून ती थांबली आहे. तेव्हा वरचे सगळे तिला वाचून दाखवायला हरकत नाही.

ता. क. ४. बारा ओळी सकाळी ईमेलने पाठवून दिल्या. तुमचा वीर तेविसाव्या मजल्यावर आहे आणि मला धीर धरवला नाही. आता तो एकदा सांगितलेले एकदाच करील, तुमचा हात कसाही असो. गळती आत आहे हे माहीत असताना मी लांबी लावली, हे खात्याच्या नियमाविरुद्ध आहे हे मला मान्य आहे. याविरुद्ध तक्रार क्रमांक बेचाळीस जरूर करावी. फक्त ती टाइप केलेली स्वीकारली जाणार नाही. हाताने लिहा. अक्षर कसेही असो, मी पास करीन.